अठरा मीटरचा इतिहास

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. इथलं पाणी खाली असतं, विहिरीत आणि बारवेत. अंबडला अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली पुष्करणी बारव आहे. त्याच गावात टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं हे नाव, असं सांगतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर माशाचं नाव घेतलेली ही देवी मला कायम आपली वाटत आलीय.

इकडची पोरं पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून, विहिरीत. धीर आला की डबा सुटतो, मग मुटके, मग सूर. शेवटची परीक्षा म्हणजे बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणं. मीही याच शाळेतला. म्हणून स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स केला तेव्हा पहिला नियमच उलटा वाटला: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत जो जास्त वेळ दम धरतो तो शूर. इथे दम धरून वर येणाऱ्याचं फुप्फुस फाटू शकतं.

कोर्स संपला, कार्ड मिळालं. त्यावर एक आकडा असल्यासारखाच असतो, छापलेला नसला तरी: 18 मीटर. ओपन वॉटरवाल्यानं याच्या खाली जाऊ नये. आता पहिली ‘खरी’ डाइव्ह कुठे करायची? वर्षातून एकदा जमणारी सुट्टी आणि साठवलेले पैसे, त्यामुळे निवड एकदाच करायची होती. फोनवर अंदमान, मालदीव, निळंशार पाणी, कासवं. फोटो बघून काही ठरेना. मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. हा 18 मीटरचा आकडा आला कुठून, ते शोधलं.

हवेचा हिशोब

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, 18 मीटरवर जवळजवळ 2.8 पट. टाकीतली हवा त्याच दाबानं फुप्फुसात येते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, मांसात विरघळत राहतो. सावकाश वर आलात तर तो श्वासातून निघून जातो. घाईनं आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात, पण शरीराच्या आत.

हे कळलं ते मजुरांच्या जिवावर. 19व्या शतकात पुलांचे पाये घालताना नदीच्या तळाशी मोठाल्या पेट्या बसवत आणि पाणी आत येऊ नये म्हणून दाबाची हवा भरत. आत खणणारे मजूर वर आले की कुणाचे सांधे आखडत, कुणाला लकवा होई, काही मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याच आजारानं अंथरुणाला खिळला. 1878मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा असल्याचं दाखवलं. 1908मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून ब्रिटिश नौदलासाठी टप्प्याटप्प्यानं वर येण्याचे तक्ते दिले. 1943मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग बनवलं आणि पाण्याखालचा श्वास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. 1960च्या दशकात अमेरिकेत हौशी लोकांना शिकवणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. ‘पाडी’ त्यातलीच, 1966ची.

18 मीटर म्हणजे 60 फूट. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात 60 फुटांवर, वर येताना मध्ये थांबा न घेता, 60 मिनिटं राहता येई. नवख्यासाठी ही सोयीची हद्द आहे: खाली बघण्यासारखं पुष्कळ, आणि काही बिघडलंच तर वर येण्याचं अंतर कमी. एवढं समजल्यावर जागांची यादी वेगळी दिसायला लागली. ‘कुठलं ठिकाण सुंदर’ हा प्रश्न मागे पडला. त्या ठिकाणचं चांगलं पाणी माझ्या हद्दीत आहे का, हा पुढे आला.

यादी गाळताना

सगळ्यात मोह होता तो आंग्रिया बँकेचा. मालवणच्या पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार, प्रवाळांनी भरलेलं, आणि नाव कान्होजी आंग्र्यांचं. पण त्याचा माथाच सुमारे 20 मीटर खोल आहे. म्हणजे जिथे पठार सुरू होतं तिथे माझी हद्द संपलेली, आणि चहूकडे उघडा समुद्र. नावासाठी जाण्याची ही जागा नाही.

मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट कर्नाटकात. पाणी गोव्यापेक्षा सहसा स्वच्छ, पण बोटीचा प्रवास मोठा आणि प्रवाह असू शकतो. गोव्यात ग्रांदी बेटाजवळ उथळ पाण्यात बुडालेलं जहाज बघायला मिळतं, फक्त पाणी बऱ्याचदा गढूळ.

लक्षद्वीपची कंकणाकृती बेटं आणि त्यांच्या आतली शांत सरोवरं नवख्यासाठी उत्तम, पण परवाना, तिकिटं, खर्च सगळं जुळवावं लागतं. अंदमानातलं स्वराज द्वीप (2018पर्यंत हॅवलॉक) जास्त सोयीचं. तिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशी नेमो रीफ आहे, आणि डिक्सन्स पिनॅकलही आहे, जिचा माथाच 18 मीटरच्या आसपास सुरू होतो. म्हणजे एकाच बेटावर दोन डाइव्ह, एक माझ्या हद्दीतली, दुसरी नाही. ठिकाणाचं नाव सांगून भागत नाही, नेमकी जागा विचारावी लागते.

फोटोंचंही वय असतं. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. 1998मध्ये लक्षद्वीपमध्ये, 2010मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. काही प्रवाळ सावरले, काही नाही. म्हणून फोटो कुठला हे विचारताना कधीचा हेही विचारावं.

मालवणचं पाणी

राहिलं मालवण. 1664मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, 1667मध्ये तो पुरा झाला. किल्ल्याभोवतालच्या खडकांनी शत्रूची जहाजं लांब ठेवली. त्याच खडकांवर आज प्रवाळ आणि मासे आहेत, बरंचसं पाणी 10 मीटरच्या आतलं. ज्या उथळपणानं आरमाराचं रक्षण केलं, तोच नवख्या पाणबुड्याच्या सोयीचा.

1987मध्ये इथे 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्यांना नकाशावरची रेघ म्हणजे पोटावरची रेघ. पुढे पर्यटन वाढलं, तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि अनेक घरांतल्या होड्या मासळीऐवजी पर्यटक नेऊ लागल्या. किल्ल्याजवळ रोज कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच, प्रशिक्षकाच्या हाताला धरून, काही मिनिटं पाण्याखाली जातात. मासे जवळ यावेत म्हणून खाऊ टाकला जातो, पाय प्रवाळावर टेकतात, नांगर खडकावर पडतात. मे 2022मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. धोका पाण्याखालीच असतो असं नाही.

हे वाचून मालवण यादीतून काढावंसं वाटलं होतं. मग वाटलं, कार्डाचा उपयोग इथेच तर आहे. ज्याला पाण्यात तरंगत स्थिर राहता येतं त्यानं प्रवाळाला हात लावण्याचं कारण नाही. खाऊ टाकू नका, एवढं पैसे देणारं गिऱ्हाईकच म्हणू शकतं. नांगर कुठे टाकता, बोटीत किती माणसं, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असतो का, हे बुकिंगच्या फोनवर विचारता येतं. उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्याकडे जायचं नाही.

शेवटचा हिशोब घाटाचा. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास थांबावं, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. तो सुमारे 600 मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे. आपण म्हणतो, विमान कुठे, गाडीनं तर जायचंय. पण आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे, आणि खुद्द जालना शहर सुमारे 500 मीटरवर. मुंबईकर डाइव्ह करून किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी जाऊ शकतो. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र परतताना सह्याद्री चढावाच लागतो.

म्हणून माझं ठरलं ते असं. पावसाळ्यानंतरचा गाळ बसून पाणी निवळलेलं असतं तेव्हा, डिसेंबरात, मालवण. तीन दिवस, रोज दोन डाइव्ह, सगळ्या 12 मीटरच्या आत. चौथा दिवस कोरडा: होडीनं सिंधुदुर्ग, तटावरून फेरी, दुपारी सुरमईचं जेवण आणि झोप. पाचव्या दिवशी सकाळी घाट. अंदमान पुढच्या वर्षी, 20-25 डाइव्ह झाल्यावर. आंग्रिया बँक त्यानंतर कधीतरी, 30 मीटरचं कार्ड हातात आल्यावर.