गप्प झालेलें मूल

मूल आजारी पडून त्याला रुग्णालयांत ठेवावें लागलें, तर त्याच्या उशाशीं आई, आजी किंवा आत्या बसून राहते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं तिचा कोणी निराळा विचार करीत नाहीं. इंग्लंडांत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक आईबापांना हा साधा अधिकारही नव्हता. तो त्यांना कसा मिळाला, ही हकीकत मुलें वाढविणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत घ्यावी अशी आहे.

१८५२ सालीं डॉ. चार्लस वेस्ट यांच्या खटपटीनें लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें केवळ मुलांसाठीं रुग्णालय निघालें. आरंभीं त्यांत अवघ्या १० खाटा होत्या. पुढें अशीं रुग्णालयें वाढलीं आणि पूर्वीं हातचीं जाणारीं कितीतरी मुलें वांचूं लागलीं. हें श्रेय कोणी नाकारणार नाहीं. परंतु या सुधारणेबरोबर एक कडक नियमही रूढ झाला. आईबापांनीं मुलास परिचारिकेच्या हवालीं करावें व आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां, ठरलेल्या तासाभरापुरतें, भेटीस यावें. कांहीं ठिकाणीं तर तेवढीही भेट मिळत नसे.

या नियमामागें निर्दयता होती असें समजणें अन्यायाचें होईल. घटसर्प, गोवर यांसारख्या सांथींचा त्या काळीं मोठा धाक होता. बाहेरचें माणूस रोग घेऊन येईल ही भीति खरी होती. दुसरें कारण मात्र एका चुकीच्या समजुतीवर उभें होतें. आई भेटून गेली कीं मूल आकांत करी. ती आली नाहीं, तर कांहीं दिवसांनीं तें निमूट होई, खाऊं-पिऊं लागे, परिचारिकेशीं हंसे. यावरून मूल रुळलें असा निष्कर्ष निघे, आणि आईचें येणेंच बाधक ठरे.

या समजुतीला आव्हान दिलें तें जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश गृहस्थांनीं. आणि ते डॉक्टर नव्हते. दुसऱ्या महायुद्धांत ॲना फ्रॉइड यांनीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत, युद्धामुळें घरापासून दुरावलेल्या मुलांसाठीं शिशुगृहें चालविलीं होतीं. १९४१ सालीं रॉबर्टसन व त्यांच्या पत्नी जॉइस तेथें कामास लागल्या. रॉबर्टसन यांच्याकडे इमारतीची भट्टी सांभाळण्याचें काम होतें. परंतु तेथील दंडक असा होता कीं, प्रत्येक नोकरानें, मग तो भट्टीवाला कां असेना, मुलांत जें दिसेल तें चिठ्ठीवर टिपून ठेवावें. ही संवय पुढें मोलाची ठरली.

१९४८ पासून रॉबर्टसन टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें डॉ. जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करूं लागले आणि रुग्णालयांतील मुलांच्या खाटांजवळ तासन् तास बसूं लागले. आईपासून दुरावलेलें लहान मूल प्रथम आकांत करतें. मग आशा सुटून तें खिन्न व स्तब्ध होतें. आणि हा दुरावा लांबला तर शेवटीं तें वरकरणी हंसूं-खेळूं लागतें, परंतु आई समोर आली असतां तिच्याकडे परक्यासारखें पाहतें. रुग्णालय ज्याला रुळणें म्हणत होतें, ती ही शेवटची अवस्था होय.

नुसत्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हां पूर्वीं कधींही चित्रपट न काढलेल्या रॉबर्टसन यांनीं स्वतः कॅमेरा हातीं घेतला. दोन वर्षें पांच महिन्यांची लॉरा बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठीं ८ दिवस रुग्णालयांत राहणार होती. सोयीचीं तेवढींच दृश्यें निवडलीं असा आक्षेप येऊं नये, म्हणून चित्रणाच्या वेळा आधींच ठरविल्या व भिंतीवरचें घड्याळही चित्रांत घेतलें. लॉरा वयाच्या मानानें संयमी होती. ती मोठ्यानें क्वचितच रडते. रडें आवरते आणि मधूनमधून आईची आठवण काढते. घरीं नेण्यास आई येते, तेव्हां लॉरा तिच्याबरोबर निघते खरी, पण तिचा हात धरीत नाहीं.

नोव्हेंबर १९५२ मध्यें हा चित्रपट रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें दाखविला गेला, तेव्हां सभा संतापली. ही रुग्णालयांची बदनामी आहे असे उद्गार निघाले. चिडलेल्यांत डॉ. डर्मॉड मॅकार्थी हेही होते. परंतु आपल्या ॲमरशॅमच्या रुग्णालयांत परतल्यावर तेथील मुलांच्या चेहऱ्यांवर त्यांना तेंच दिसूं लागलें. त्यांनीं आयांना मुलांजवळ राहूं दिलें. आणि १९५८ सालीं रॉबर्टसन यांनीं, आईसह रुग्णालयांत राहिलेल्या एका मुलीचा चित्रपट तेथेंच काढला.

राहिली रोगाची भीति. तिचें उत्तर वास्तविक आधींच मिळालेलें होतें. न्यूकॅसल येथें डॉ. जेम्स स्पेन्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच तान्ह्या मुलांबरोबर आयांना ठेवून घेतलें होतें. न्यूझीलंडमधील पिकरिल या शल्यवैद्य दांपत्याचा अनुभव तर असा कीं, प्रत्येक मुलाची शुश्रूषा त्याच्याच आईनें केली म्हणजे एकाचा रोग दुसऱ्यास जाण्याचें भय उलट कमी होतें.

१९५९ सालीं सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनें आईबापांना भेटीची मोकळीक द्यावी व लहान मुलांबरोबर आईसही राहूं द्यावें अशी शिफारस केली. पण शिफारस कागदावर राहिली असती. १९६१ सालीं रॉबर्टसन यांनीं वृत्तपत्रांतून व बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवरून आईबापांनाच आवाहन केलें. त्याच वर्षीं लंडनच्या बॅटर्सी भागांतील कांहीं तरुण आयांनीं संघटना काढली आणि रुग्णालयांचीं दारें ठोठावण्यास आरंभ केला. तरीही सर्वत्र हा पालट होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

त्या नियमाच्या काळांतील परिचारिका मुलांवर माया करीतच होत्या. त्यांची चूक इतकीच कीं, रडणारें मूल त्यांना दुःखी वाटलें व गप्प झालेलें मूल सुखी वाटलें. घरांत असो वा शाळेंत, मूल एकाएकीं शहाण्यासारखें वागूं लागलें, कांहीं मागेनासें झालें, तर वडीलधाऱ्यांनीं समाधान मानण्यापूर्वीं त्याच्याजवळ थोडा वेळ बसावें. आईला पाहून जें मूल रडतें, त्याची आशा अजून सुटलेली नसते.