सात वाजताची फिल्म

पहाटे ४.४० – १४ तास २० मिनिटं बाकी

नवतपाचा दुसरा दिवस. लाखनीत रात्री दोनला लाइट गेली होती आणि अजून आली नव्हती. दुकानातला कूलर बंद. इन्व्हर्टरवर एक टेबल फॅन आणि लॅपटॉप, एवढंच चालू. संध्याकाळी सातला साकोलीच्या लॉनवर एलईडी वॉलवर चार मिनिटांची फिल्म लावायची होती: नवरीचं लहानपण, साखरपुडा, हळद. नवरीचे वडील रात्री बजावून गेले होते, "बाबू, सात म्हणजे सातले लावजो."

रेंडर २८ टक्क्यांवर असताना नवरीच्या कपाळावर जांभळे ठिपके उमटले, मोहरीएवढे. मला वाटलं, हळदीच्या शूटिंगची फाइलच खराब आहे. तीच क्लिप मोबाइलवर लावली, तर स्वच्छ. मग ठिपके आले कुठून, हे तिथेच विचारायला हवं होतं. मी चहा मांडला.

६.१५ – पावणेतेरा तास

पडदा काळा. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा चालू. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला; पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त दाखवत नव्हतं. बॅकलाइट गेला असेल तर टॉर्च तिरपा धरल्यावर पडद्यावर पुसटसं चित्र दिसतं. टॉर्च मारला, काही नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. टुक्‌ असा आवाज आला आणि चित्र परत!

त्यानंतर वीस मिनिटं लॅपटॉप व्यवस्थित चालला. मूळ शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं, पण नऊ दिवसांचं कटिंग, रंग आणि गाण्यावर बसवलेले तुकडे या लॅपटॉपमध्येच होते. प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला एक मिनिट लागलं असतं. मी काय केलं? पुन्हा रेंडर लावला. त्या दिवशीची माझी पहिली घोडचूक हीच.

लॅपटॉप घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवलेला आहे आणि खालची जाळी पूर्ण झाकली गेली आहे, हे मला त्या वीस मिनिटांतच दिसलं. दुपट्टा काढला. उशीर झाला होता.

७.०५ – बारा तास बाकी

पुन्हा काळोख, आणि आता चार कळांचंही चालेना. पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद केलं, चालू केलं. कंपनीचा लोगो आला तोच उभ्या हिरव्या-गुलाबी रेषांमागून, लुगड्याच्या काठासारख्या. लोगो येतो तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं. त्यामुळे ड्रायव्हर आणि व्हायरस इथेच सुटले. दोष हार्डवेअरचा.

८.३० – साडेदहा तास

दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावली. टीव्हीवर त्याच रेषा, त्याच जागी. स्क्रीन किंवा बिजागरीतून जाणारी तिची पट्टी खराब असती, तर टीव्हीवर चित्र नीट आलं असतं. झाकण मागेपुढे केल्यावर रेषा हलल्या असत्या, तरी संशय पट्टीवर गेला असता. तसं काहीच नव्हतं. ग्राफिक्सची चिप गेली होती. (तुमच्या लॅपटॉपला कोणी नवीन स्क्रीन सुचवली, तर पैसे देण्याआधी ही केबल लावून बघाच.)

या चिपा मरतात कशा, हे मी कधीकाळी वाचलं होतं. चिप आणि तिच्याखालची पट्टी यांच्यामध्ये डाकाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. चिप तापली की दोन्ही फुगतात, पण सारख्या प्रमाणात नाही. थंड झाल्या की आकसतात. तार वाकवून-वाकवून तोडावी तसे ते थेंब थकतात आणि तडकतात. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिपांमध्ये असाच दोष असल्याचं जाहीर केलं आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. कारण चिपेच्या पॅकेजिंगमधलं कमकुवत साहित्य. माझी चिप खूप नंतरची, तिचा त्या प्रकरणाशी संबंध नाही. पण बाहेर ४५ अंश आणि खाली दुपट्टा असला, की चांगल्या डाकानेही किती सहन करायचं?

१०.०० – नऊ तास

मोबाइल दुरुस्तीवाल्याने मशीन उलटसुलट करून पाहिलं. "भाऊ, चिपेले हीट मारून देतो. चालला तं चालला."

हीट मारणं म्हणजे गरम हवेच्या गनने चिप तापवायची. तडकलेला जोड तेवढ्यापुरता चिकटतो. कधी आठवडा काढतो, कधी तासभर. आणि नाही चिकटला तर बोर्डावरचं शेजारपाजारचंही जातं. मला एकच तास हवा होता, मोह झालाच. तरी नको म्हटलं. लॅपटॉप गेला तरी डिस्क शाबूत आहे, हे डोक्यात आलं. दहा-बारा स्क्रू काढले, बोटभर लांबीची एसएसडी बाहेर काढली, खिशात टाकली आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून भंडाऱ्याला निघालो. मित्राकडे कॉम्प्युटर होता, एसएसडी लावायची केसिंगही होती. वाटेत मी शीळ घालत होतो.

१.१५ – पावणेसहा तास

डिस्क जोडली. कुलपाचं चिन्ह आणि एक खिडकी: रिकव्हरी की टाका. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट.

मी कधीही डिस्कला कुलूप लावलेलं नव्हतं. पण नवं विंडोज खात्यावरून सुरू केलं की पुष्कळ लॅपटॉपवर ते आपसूक लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. जुन्या बोर्डाशी जोडलेली असताना डिस्क गुपचूप उघडते. दुसऱ्या मशीनला लावली की ओळख विचारते. खातं होतं, पण ते मी उघडलेलंच नव्हतं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने पाच मिनिटांत सगळं सुरू करून दिलं होतं, स्वतःचा मोबाइल नंबर टाकून. आता ओटीपी त्याच्याकडे जाणार.

दुकानात फोन केला. "तो पोरगा पुण्याले गेला जी."

३.४० – तीन तास २० मिनिटं

पोराचा फोन बंद. मित्राच्या घरात कूलरसमोर बसलो होतो आणि घाम पुसत होतो. नवरीच्या वडिलांचे दोन फोन आले. उचलले नाहीत. हे लिहायला लाज वाटते.

५.५० – ७० मिनिटं

पोराने फोन उचलला. ड्यूटीवर होता बिचारा. ओटीपी सांगितला, वर माफीही मागितली. ४८ आकडे टाकले, एकदा चुकलो, पुन्हा टाकले. डिस्क उघडली. नऊ दिवसांचं काम जसंच्या तसं समोर. मित्राच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड नाही. रेंडरला त्याने दाखवलेला अंदाज: एक तास पन्नास मिनिटं. साकोलीचा रस्ता वेगळाच.

७.००

लॉनवाल्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून एलईडी वॉलवर नवरानवरीची नावं आणि गुलाबाच्या पाकळ्या फिरवल्या. वडील काही बोलले नाहीत. जेवायला मात्र आग्रहाने बसवलं.

चौथा दिवस

नागपूर, सीताबर्डी. कारागिराने सगळी हकीकत ऐकून घेतली, डिस्क परत आत बसवली आणि लॅपटॉप चालू करून सरळ बायोसमध्ये गेला. रेषांमागून अक्षरं वाचता येत होतीच. "हे डिस्क्रीट मोडवर कोणी ठेवलं?"

मी. दिवाळीत. रेंडर जलद व्हावा म्हणून.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स होते: एक मोठं कार्ड, एक प्रोसेसरमधलं साधं. सगळं चित्र फक्त मोठ्या कार्डातून जावं, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्याने तिथे हायब्रिड निवडलं, सेव्ह केलं. लॅपटॉप सुरू झाला. पडदा स्वच्छ, एकही रेषा नाही. मोठी चिप मेलीच होती, पण साधी पहिल्यापासून ठणठणीत होती. सकाळी ७.०५ ला मला एवढंच करायचं होतं. साध्या ग्राफिक्सवर रेंडर दुपारपर्यंत निवांत झाला असता.

त्याने पैसे घेतले नाहीत. फिल्म मी त्याच रात्री पाठवली. नवरीने दोनदा पाहिली म्हणे. वडिलांनी अजून उघडलेली नाही.