धांवता आरसा

पुलगांवच्या स्थानकावरून न थांबतां जाणाऱ्या मुंबईच्या गाडीची शिटी अनेकांनीं ऐकली असेल. गाडी येत असतां तिचा सूर चढा लागतो आणि ती पुढें निघून जातांच तो एकाएकीं उतरतो. प्रकाशाचेंहि असेंच आहे. सामोऱ्या येणाऱ्या आरशावरून परतलेला किरण जांभळ्याकडे झुकतो, दूर पळणाऱ्या आरशावरून परतलेला तांबड्याकडे. १९०५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत आइन्स्टाइननें या धांवत्या आरशाचें गणित मांडलें. परंतु प्रकाशाच्या वेगाशीं स्पर्धा करील असा आरसा आणावयाचा कोठून? कांचेस पारा लावून तर तो होणें नव्हे!

तो मिळाला लेसरमुळें. मेमननें अमेरिकेंत पहिला लेसर १९६० सालीं सिद्ध केला. प्रखर लेसरचा झोत पृष्ठभागावर आदळतांच अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात व अतितप्त, विद्युद्भारित द्रव्य उरतें. अशा द्रव्याला लँगम्यूरनें १९२८ सालीं प्लाझ्मा हें नांव दिलें. मौज अशी कीं, जळून गेलेला हा पृष्ठभागच उत्तम आरसा ठरतो, कारण दाट प्लाझ्मा प्रकाशाला आंत शिरूं देत नाहीं. १९८१ सालीं कार्मन प्रभृतींनीं अशा प्लाझ्म्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश पाडला, तों त्यांतून दृश्य व अतिनील किरण बाहेर आले! प्रकाशाच्या तालावर इलेक्ट्रॉनांचा थर पुढेंमागें झुलतो व मूळ कंपनसंख्येच्या पटींतले किरण उधळतो, अशी उपपत्ति बुलानॉव व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं मांडली. हा थर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास झुलावा एवढी प्रखरता स्ट्रिकलंड व मूरू यांच्या १९८५ सालच्या युक्तीनें आटोक्यांत आणली होती.

अशा इतिहासांत पेटविणाऱ्यांचीं नांवें ठळक होतात, मोजणाऱ्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील एका कामाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. प्रा. जी. रवींद्र कुमार व त्यांचे सहकारी यांनीं एका झोतानें पृष्ठभाग पेटविला, कांहीं क्षणांशांनीं दुसऱ्या रंगाचा दुबळा झोत त्यावर पाडला आणि परतलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला तें पाहिलें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या या मापनांत आरशाची चाल स्पष्ट उमटली: आधीं तो आंत दबला, मग बाहेर उसळला. वेग आणि वेगवृद्धि दोन्ही हातीं आलीं.

२०२३ सालचें नोबेल पारितोषिक ज्या अतिसूक्ष्म कालाच्या प्रकाशस्पंदांना मिळालें, ते वायूंतून निघाले होते. वायूला फार प्रखर झोत सोसत नाहीं. प्लाझ्म्याच्या आरशाला तो सोसतो. अडचण एवढीच कीं, प्रत्येक झोत पृष्ठभागावर खळगा पाडून जातो आणि दुसऱ्यासाठीं लक्ष्य सरकवून कोरी जागा समोर आणावी लागते.