बनाना ब्रेड

बनाना ब्रेड : पूर्ण पिकलेल्या केळ्यांचा लगदा, गव्हाचा मैदा, साखर, लोणी व अंडी यांच्या मिश्रणात खाण्याचा सोडा घालून भट्टीत भाजलेला एक गोड पदार्थ. नावात ‘ब्रेड’ हा शब्द असला, तरी हा किण्वाने (यीस्टने) फुगविलेला पाव नव्हे. घडणीने तो केकला अधिक जवळचा आहे. पीठ मळून ते फुगण्यासाठी ठेवावे लागत नसल्यामुळे अशा पदार्थांना अमेरिकेत ‘क्विक ब्रेड’ म्हणजे झटपट पाव असे म्हणतात. तो पावाच्या लांबट साच्यात भाजतात आणि पावासारखेच त्याचे काप करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० नंतरच्या दशकात हा पदार्थ रूढ झाला. टाकून देण्याची वेळ आलेली केळी सत्कारणी लावणारा काटकसरीचा घरगुती पदार्थ, अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती खरी असली, तरी अपुरी आहे. गृहिणींच्या काटकसरीइतकाच रसायन उद्योग, पीठगिरण्या आणि कॅरिबियन व मध्य अमेरिकेतील केळीचे मळे यांचाही या पदार्थाच्या जडणघडणीत वाटा आहे.

सोडा व झटपट पाव : अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पीठ फुगविण्यासाठी मुख्यतः किण्व अथवा फेटलेली अंडी वापरीत. किण्व जिवंत राखावे लागे आणि अंडी फेटण्यास बराच वेळ लागे. अमेरिकेतील वसाहतींत जंगलतोडीमुळे लाकडाची राख विपुल होती. तिच्यापासून पोटॅश व ते शुद्ध करून ‘पर्लॲश’ (पोटॅशियम कार्बोनेट) तयार करीत. संयुक्त संस्थानांच्या शासनाने दिलेले पहिले एकस्व (पेटंट) याच उत्पादनाच्या सुधारित पद्धतीबद्दल सॅम्युएल हॉपकिन्स यांना ३१ जुलै १७९० रोजी मिळाले. पर्लॲशचा आंबट ताक वा काकवी यांसारख्या अम्लयुक्त पदार्थाशी संयोग झाला, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो व पीठ काही मिनिटांतच हलके होते. अमीलिया सिमन्स यांच्या अमेरिकन कुकरी (१७९६) या पाकपुस्तकात पर्लॲशचा वापर केलेल्या कृती आढळतात.

पर्लॲशची कडवट चव नसलेला सोडियम बायकार्बोनेट म्हणजेच खाण्याचा सोडा जॉन ड्वाइट व ऑस्टिन चर्च यांनी १८४६ पासून बाजारात आणला. इंग्लंडमध्ये ॲल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली होती. त्यांच्या पत्नीला किण्व व अंडी सोसत नसत, हे त्यामागील कारण होय. अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी कॅल्शियम फॉस्फेटावर आधारलेल्या चूर्णाचे एकस्व १८५६ मध्ये घेतले. सोड्याचे प्रमाण थोडेही चुकले तर पदार्थ बिघडतो. म्हणून मोजमापाला महत्त्व आले. फॅनी फार्मर यांच्या बॉस्टन पाकशाळेच्या पुस्तकाने (१८९६) सपाट भरलेला कप व चमचा ही मापे लोकप्रिय केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तापमान नियंत्रित करणाऱ्या गॅसच्या भट्ट्या शहरी घरांत आल्या. अशा रीतीने बनाना ब्रेडसाठी लागणारी सर्व साधने जमली. उणीव होती ती स्वस्त केळ्यांची.

केळ्यांचा व्यापार : केळ हे मूळचे आग्नेय आशिया व न्यू गिनी या प्रदेशातील. स्पॅनिश धर्मोपदेशक तोमास दे बेर्लांगा यांनी १५१६ मध्ये कानेरी बेटांतून त्याचे कंद कॅरिबियनमधील हिस्पॅन्योला बेटावर नेले, असे मानतात. तथापि फळ नाशवंत असल्याने उत्तर अमेरिकेतील शहरांना ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ अपरिचितच होते. मॅसॅचूसेट्सचे कप्तान लॉरेन्झो डाउ बेकर यांनी १८७० मध्ये जमेकातून केळ्यांचे घड ‘टेलिग्राफ’ या शिडाच्या जहाजातून जर्सी सिटी येथे आणून नफ्याने विकले. फिलाडेल्फिया येथील १८७६ च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात वेष्टनात गुंडाळलेले एकेक केळे दहा सेंटला विकत असत. ते नवलाईचे फळ होते.

पुढील तीस वर्षांत हे चित्र पालटले. बेकर व अँड्र्यू प्रेस्टन यांच्या बॉस्टन फ्रूट कंपनीचे (१८८५) मायनर कीथ यांच्या कोस्टा रीकातील व्यवसायाशी एकीकरण होऊन १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली. कीथ यांनी बांधलेल्या कोस्टा रीकातील लोहमार्गाच्या कामावर हिवताप व पीतज्वर यांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. त्या मार्गाच्या कडेने केळीचे मळे वाढले. मळे, लोहमार्ग, बंदरे, तारायंत्रे आणि शीतकरणाची सोय असलेली जहाजे हे सर्व एकाच कंपनीच्या हाती आले. कच्चे हिरवे घड जहाजातून उत्तरेस नेऊन तेथील उबदार कोठारांत पिकविण्यात येत. परिणामी दोन हजार किमी.हून दूर वाढलेले हे फळ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी बाजारात स्थानिक सफरचंदांशी भावात स्पर्धा करू लागले.

या स्वस्ताईची किंमत मळ्यांच्या प्रदेशाने मोजली. ओ. हेन्री यांनी १९०४ मध्ये रूढ केलेली ‘बनाना रिपब्लिक’ ही संज्ञा फळांच्या कंपन्यांपुढे हतबल झालेल्या लहान प्रजासत्ताकांची निदर्शक ठरली. कोलंबियातील सांता मार्ताच्या परिसरात युनायटेड फ्रूट कंपनीच्या मजुरांनी नोव्हेंबर १९२८ मध्ये संप पुकारला. लेखी करार, आठ तासांचा दिवस, सहा दिवसांचा आठवडा आणि चिठ्ठ्यांऐवजी रोख वेतन, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. ५–६ डिसेंबरच्या रात्री सिएनागा येथे जमलेल्या संपकऱ्यांवर सैन्याने गोळीबार केला. मृतांचा आकडा ४७ पासून हजाराच्या वरपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ च्या कादंबरीमुळे ही घटना जगभर परिचित झाली. ग्वातेमालात अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांच्या शासनाने १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्यान्वये कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेतली. १९५४ मध्ये अमेरिकी गुप्तचर संघटनेच्या साहाय्याने ते शासन उलथविण्यात आले.

मंदी व घरगुती कृती : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अमेरिकी पाकपुस्तकांत केळ्यांचे काप, तळलेली केळी अशा कृती आढळतात. आज परिचित असलेला, सोड्याने फुगविलेला केळ्यांचा पाव मात्र १९३० नंतरच्या काही वर्षांतच छापील पुस्तकांत सर्रास दिसू लागला. पिल्सबरी या पीठगिरणीने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाककृतिसंग्रहात त्याचा समावेश होता. हा काळ महामंदीचा होता. १९३३ मध्ये अमेरिकेतील सु. एक-चतुर्थांश कामगार बेकार होते. घरात आलेले अन्न वाया जाऊ न देणे ही निकड बनली होती आणि केळे हे लवकर खराब होणारे फळ होते.

काटकसरीच्या या गरजेला व्यापाराचीही जोड मिळाली. पीठगिरण्यांना मैदा व बेकिंग पावडरच्या उत्पादकांना आपले चूर्ण खपवावयाचे होते. फळांच्या कंपन्यांपुढे वेगळीच अडचण होती. डाग पडलेले केळे म्हणजे सडलेले केळे, अशी ग्राहकांची समजूत असे; त्यामुळे पिकलेला माल पडून राही. काळे ठिपके हे गोडीचे लक्षण आहे, हे पटविण्यासाठी कंपन्यांनी गृहिणींकरिता पाककृतींच्या पुस्तिका काढल्या. दुसऱ्या महायुद्धात जहाजे युद्धकार्यासाठी घेतल्याने केळ्यांची आयात घटली. १९४४ मध्ये युनायटेड फ्रूटने ‘चिकिटा’ ही टोपलीधारी केळ्याची व्यक्तिरेखा व तिचे जाहिरातगीत आकाशवाणीवरून प्रसृत केले. केळी केव्हा खावीत व ती शीतकपाटात का ठेवू नयेत, याची शिकवण त्या गीतात होती. १९५० मध्ये चिकिटाच्या नावाने पाककृतींचे पुस्तकही निघाले. आईकडून मुलीकडे आली असे मानल्या जाणाऱ्या अनेक कृतींचे मूळ अशा पुस्तिकांत असणे संभवते. तथापि केवळ जाहिरातीने पदार्थ टिकत नाही. कमी श्रम, सहज मिळणारे जिन्नस आणि चुका पोटात घालणारी कृती यांमुळे तो घरोघरी स्थिरावला.

कृती व तीमागील शास्त्र : सर्वसाधारणपणे तीन मोठी व अतिशय पिकलेली केळी, सु. २५० ग्रॅ. मैदा, १५० ते २०० ग्रॅ. साखर, सु. ११५ ग्रॅ. लोणी, दोन अंडी, एक लहान चमचा सोडा व चिमूटभर मीठ हे प्रमाण असते. लोणी व साखर फेटून तीत अंडी व केळ्यांचा लगदा मिसळतात. नंतर मैदा, सोडा व मीठ घालतात. आवडीप्रमाणे अक्रोड, दालचिनी अथवा जायफळ घालतात. हे मिश्रण तूप लावलेल्या साच्यात ओतून सु. १७५° से. तापमानास सुमारे एक तास भाजतात. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली, म्हणजे पदार्थ तयार झाला असे समजतात. तो पूर्ण निवाल्यावरच कापतात.

केळी जितकी पिकलेली तितका पदार्थ चांगला, याचे कारण फळात होणारे रासायनिक बदल हे होय. हिरव्या केळ्याच्या गरात सु. २० टक्के स्टार्च असते. पिकताना एथिलीन वायूच्या प्रभावाने विकरे (एंझाइमे) क्रियाशील होऊन त्यातील बहुतेक स्टार्चाचे शर्करांत रूपांतर होते. पूर्ण पिकलेल्या फळात स्टार्च एकदोन टक्केच उरते. पेक्टिनाचे विघटन झाल्याने गर मऊ होतो व सुगंधी एस्टरे वाढतात. गराच्या सौम्य अम्लतेची सोड्याशी विक्रिया होऊन वायू सुटतो. सोडा अधिक झाल्यास रंग काळपट व चव साबणासारखी होते. मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळू नये. तसे केल्यास ग्लुटेनाचे जाळे घट्ट होऊन पदार्थ चिवट बनतो. गरातील पाण्यामुळे हा ब्रेड दोनतीन दिवस ओलसर राहतो.

प्रसार : दुसऱ्या महायुद्धानंतर बनाना ब्रेड कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इ. देशांत पसरला. ऑस्ट्रेलियातील उपाहारगृहांत त्याचे जाड काप भाजून लोण्याबरोबर देतात. केळी पिकविणाऱ्या जमेकातही तो लोकप्रिय आहे. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे अनेक देशांत लोक घरी अडकून पडले, तेव्हा दुकानांत किण्वाची टंचाई झाली आणि किण्वाशिवाय होणारा हा पदार्थ असंख्य घरांत प्रथमच करण्यात आला. मंदीप्रमाणेच या आपत्तीतही घरातील अन्न वाया जाऊ न देण्याची वृत्ती व अनिश्चिततेच्या काळात हातांना काम मिळण्याचे समाधान, ही दोन्ही कारणे त्यामागे होती.

भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाल्यावर मराठी घरांतही त्याचे प्रयोग झाले. भट्टी नसेल तेथे शिटी व रबरी कडे काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ वा वाळू पसरून, पाणी न घालता तो भाजतात. अंड्यांऐवजी दही घालतात. पिकलेली केळी वाया जाऊ न देण्याची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. दुधात केळी कुस्करून केलेले शिकरण सर्वत्र परिचित आहे, तर वसईत राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात.

केळीच्या जाती व भवितव्य : १९३० नंतरच्या दशकातील बनाना ब्रेड ‘ग्रो मिशेल’ या जातीच्या केळ्यांचा होता. एकाच जातीच्या लागवडीमुळे फ्यूझेरियम कवकाने होणारा मर रोग (पनामा रोग) मळ्यांतून वेगाने पसरला आणि १९५०–७० या काळात निर्यातीच्या व्यापारात तिची जागा ‘कॅव्हेंडिश’ गटातील जातींनी घेतली. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथील सरदार घराण्याच्या काचगृहात १८३० नंतर जोसेफ पॅक्स्टन यांनी वाढविलेल्या रोपावरून या गटाला हे नाव मिळाले. जळगाव जिल्ह्यात लावली जाणारी बसराई ही याच गटातील ठेंगणी जात होय. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले.

कॅव्हेंडिश केळीला बिया धरत नाहीत; तिची वाढ मुनवे वा ऊतिसंवर्धित रोपे यांपासून करतात. त्यामुळे सर्व झाडे जननिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखी असतात व एकाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो. या गटालाही बळी पाडणारा मर रोगाचा नवा प्रकार (टीआर ४) आशियातून पसरत २०१९ मध्ये कोलंबियात आढळला. भारतात तो बिहार व उत्तर प्रदेश या राज्यांत दिसून आला आहे. कवक जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते व त्याचा नायनाट करणारे परिणामकारक औषध उपलब्ध नाही. रोगप्रतिकारक वाण शोधणे व एकाच जातीऐवजी अनेक जातींची लागवड करणे, हेच उपाय सुचविले जातात. भारतात वेलची, राजेळी, लाल केळी यांसारख्या जाती अद्याप लागवडीत आहेत. निर्यातीवर अवलंबून असलेल्या देशांतील मळ्यांना हे वैविध्य उरलेले नाही आणि घरातील उरलेल्या केळ्यांचा हा काटकसरीचा पदार्थ आजही मुख्यतः त्याच मळ्यांतील फळावर आधारलेला आहे.