पेशींचे आसंजन आणि प्रतिपिंडाची साक्ष

बहुपेशीय प्राण्याच्या देहात पेशी एकमेकींना कशाच्या योगाने चिकटून राहतात, हा भ्रूणविज्ञानातील एक जुना प्रश्न होय. उभयचरांच्या भ्रूणातील पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या असता त्या पुन्हा आपापल्या जातीच्या पेशींशी जुळतात, असे टाउन्स व होल्टफ्रेटर यांनी १९५५ साली दाखविले. तथापि ही निवड घडविणारे द्रव्य कोणते, हे त्यावरून कळले नाही. त्या द्रव्याचा माग पुढे लागला तो मुख्यतः प्रतिपिंडांच्या साहाय्याने.

या मार्गात एक अडचण होती. प्रतिपिंडाला दोन भुजा असल्यामुळे ते स्वतःच दोन पेशींना एकत्र बांधू शकते. मग आसंजन रोखले जाते की वाढते, याचा निवाडा कसा करावा? जर्मनीत गेरिश प्रभृतींनी डिक्टिओस्टेलियम या अमीबासदृश जीवावर प्रयोग करताना प्रतिपिंडाचे एकभुज खंड वापरून ही अडचण दूर केली. त्याच युक्तीने १९७७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत केमलर, जाकोब व त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या आरंभीच्या भ्रूणातील पेशींचे परस्परांशी घट्ट बिलगणे थांबविले.

त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञ ताकेइची यांनी दाखविले की, कॅल्शियम असताना ट्रिप्सिनने पेशी सुट्या केल्यास आसंजनाची एक यंत्रणा शाबूत राहते. कॅल्शियम नसताना तीच नष्ट होते. या यंत्रणेतील प्रथिन त्यांनी प्रतिपिंडांच्या द्वारे ओळखले आणि १९८४ साली त्याला कॅडहेरिन हे नाव मिळाले. पॅरिसच्या भ्रूणांत रोखले गेलेले प्रथिनही हेच, म्हणजे ई-कॅडहेरिन, असे पुढे ठरले. १९८७ साली त्याचे जनुक आसंजनहीन पेशींत घातले असता त्या एकमेकींना चिकटू लागल्या, तेव्हा हा पुरावा पूर्ण झाला.

उंदराच्या प्रथिनाविरुद्ध सिद्ध केलेले प्रतिपिंड मानवी प्रथिन ओळखीलच असे नव्हे. म्हणून जपानमध्ये मानवी ई-कॅडहेरिनसाठी एचईसीडी-१ हे एकाच पेशीवंशापासून मिळणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. त्याच्या साहाय्याने मानवी ऊतके व कर्करोग यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. येथे प्रतिपिंडाच्या कार्यात मोठा पालट झाला. आता त्याचा उपयोग प्रामुख्याने आसंजन रोखण्यासाठी नव्हे, तर ऊतकाच्या पातळ छेदात प्रथिनाचे स्थान दाखविण्यासाठी होऊ लागला.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. स्तनाच्या खंडिकीय कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा लोपलेले आढळते, व निदानात या लोपाचा आधार घेतला जातो. परंतु काही खंडिकीय अर्बुदांत प्रतिपिंडाचा रंग उमटतो आणि पेशी मात्र विखुरलेल्याच राहतात. कारण प्रथिन उपस्थित असले तरी ते, अथवा त्याच्याशी निगडित असलेली कॅटेनिन प्रथिने, विकृत असू शकतात. केवळ रंगावर विसंबणारा परीक्षक अशा रुग्णाच्या निदानात चुकण्याचा संभव असतो. रंग उमटणे ही प्रथिनाच्या अस्तित्वाची साक्ष होय, त्याच्या कार्याची नव्हे. आरंभीच्या संशोधकांनी आसंजन प्रत्यक्ष रोखून दाखविण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे मोल येथे ध्यानात येते.