बूट मेनूतून विंडोज गायब? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे वाचा



14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. तेव्हा जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू टाकायचा विचार अनेकांच्या मनात येतो. दोन्ही सिस्टिम असल्या की 'कुठली सुरू करू?' असं विचारणारा मेनू ग्रब हा प्रोग्रॅम दाखवतो. त्यात विंडोज दिसलं नाही की पोटात गोळा येतो: मुलांचे फोटो, टॅक्सची कागदपत्रं गेली की काय? बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. घाईने विंडोज पुन्हा टाकलं, तर मात्र खरंच जाऊ शकतं!

असं का होतं?

2021 साली आलेल्या ग्रब 2.06 पासून, डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. शोधच नाही, मग मेनूत नाव कुठून येणार?

आधी खात्री करा

मशीन सुरू होताना बूट मेनूची की दाबा (बऱ्याच डेल आणि लेनोवो मशीनवर एफ12, एचपीवर एफ9). तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून विंडोज सुरू झालं, तर ते शाबूत आहे. फोटोंचा बॅकअप आत्ताच घ्या.

उपाय (सगळं रोमन लिपीत टाइप करावे)

1. उबुंटूत टर्मिनल उघडून 'सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' द्या.
2. 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ लिहा. 'फॉल्स' लहान लिपीत, बाकी सगळं कॅपिटल. ओळ आधीच असेल तर तिच्यापुढचं # चिन्ह काढा.
3. कंट्रोल-ओ, एंटर, मग कंट्रोल-एक्स.
4. 'सुडो अपडेट-ग्रब' द्या. उत्तरात विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ दिसली की रीस्टार्ट करा.

तरीही दिसत नाही?

एक सिस्टिम यूईएफआय आणि दुसरी लेगसी पद्धतीने टाकलेली असेल, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' पाहा. उबुंटूत /सिस/फर्मवेअर/ईएफआय हा फोल्डर असेल तर ते यूईएफआय.

उलट प्रकार, म्हणजे मशीन थेट विंडोजमध्येच जात असेल, तर बायोसमधल्या बूट क्रमात उबुंटू वर आणा.

जाता जाता एक महत्त्वाचं: बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर फोटो डिस्कवर असूनही आपल्याला उघडता येणार नाहीत.