विनोबांचे गीताचिंतन : भाव आणि बुद्धी यांची सांगड

मराठी भक्तिसाहित्याच्या समीक्षेत एक विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. ज्ञानेश्वरीत वेदान्त शोधायचा आणि अभंगांत आर्तता, म्हणजे तत्त्वविचार हा बुद्धीचा प्रांत व भक्ती हा हृदयाचा. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची असली, तरी भक्तीच्या अनुभवातही ती तशीच असते काय, हा प्रश्न उरतो. विनोबा भावे यांचे गीताविषयक लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. रसायनी ज्या खालापूर तालुक्यात आहे, त्याला लागून असलेल्या पेण तालुक्यातील हे गाव. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील या घरात आई रुक्मिणीबाईंची श्रद्धा आणि बडोद्यात नोकरी करणाऱ्या वडिलांची विज्ञाननिष्ठ दृष्टी असे दोन्ही संस्कार त्यांना लाभले. संस्कृत गीता आईला कळत नव्हती. तिला समजेल अशी गीता मुलानेच मराठीत आणावी, अशी तिची इच्छा होती. तिचे निधन १९१८ मध्ये झाले. ‘गीताई’ची रचना त्यानंतर, ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात झाली. गीतेला ‘आई’ जोडणारे हे नाव केवळ भावनिक नाही. मूळ श्लोकाची घडण राखून अल्पशिक्षित स्त्रीलाही पेलेल असा शब्द निवडणे, हे काटेकोर बुद्धीचे काम होते. येथे प्रेमाने बुद्धीपुढे अधिक अवघड कसोटी ठेवली, असे म्हणता येते.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’शी तुलना केल्यास हा विशेष स्पष्ट होतो. टिळकांनी भक्तीला गौण मानले नव्हते. परंतु त्यांच्या ग्रंथाची रीत पूर्वपक्ष, खंडन आणि सिद्धान्त अशी शास्त्रीय आहे. उलट ‘गीताप्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. एक ग्रंथ वादासाठी सिद्ध झाला, दुसरा सहबंदींशी झालेल्या संवादातून. त्यामुळे विनोबांचा युक्तिवाद दृष्टान्तातून पुढे सरकतो.

बाराव्या अध्यायावरील प्रवचन याचे उत्तम उदाहरण होय. तेथे रामाच्या सतत सन्निध राहणारा लक्ष्मण सगुण भक्तीचा, तर दूर राहून रामाचे कार्य करणारा भरत निर्गुण भक्तीचा प्रतिनिधी ठरतो. विनोबा दोघांत उच्चनीच ठरवीत नाहीत. सगुण आणि निर्गुण यांना ते परस्परपूरक मानतात. व्यक्तीवरील प्रेमाला तत्त्वनिष्ठेचा आधार नसेल, तर व्यक्तीबरोबर ते प्रेमही ओसरते. आणि प्रेमावाचून तत्त्व कोरडे पडते. कर्मविचारातही त्यांची हीच भूमिका दिसते. शंकराच्या पिंडीवर धार धरताना अंतःकरणाचीही धार नसेल, तर ते कर्म निर्जीव राहते. म्हणजे बुद्धी भावाला दिशा देते आणि भाव बुद्धीला प्राण देतो.

तथापि या समन्वयाची मर्यादाही नोंदवावयास हवी. तुकोबांचा भक्त देवाशी भांडतो, रुसतो, संशय घेतो. विनोबांचा आदर्श भक्त मात्र समत्वाकडे निघालेला आहे. हृदय आणि बुद्धी यांतील ताण येथे निवलेला आढळतो, आणि त्या ताणातून निर्माण होणारी काव्यात्मता त्यामुळे उणावते. परंतु हा भेद लक्षात येताच मूळ विभागणीचे अपुरेपण अधिकच उघड होते. तुकोबांचे भांडणही विचारावाचून संभवत नाही. कारण जाब विचारणे हीदेखील बुद्धीचीच क्रिया आहे. म्हणून अमुक रचना भावप्रधान की विचारप्रधान, हे ठरवून समीक्षेने थांबणे पुरेसे नाही. त्या रचनेत भाव आणि विचार एकमेकांना कोणते काम सोपवितात, हे तिने पाहिले पाहिजे.